सिनेमा ऐकताय की पाहताय?

एक सोपा प्रश्न. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, मधे कुठेही पॉज न करता, अख्खा सिनेमा तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? आता दुसरा प्रश्न. एखाद्या दिग्दर्शकाच्या, लेखकाच्या किंवा नटाच्या तास-दोन तासांच्या गप्पा तुम्ही शेवटच्या कधी ऐकल्यात? आमच्या वर्गात हे दोन्ही प्रश्न विचारून बघितले. पहिल्याला लोक आठवत बसले, मग थिएटरमध्ये पाहिलेला धरायचा का, असं उलट मलाच विचारू लागले. दुसऱ्याची उत्तरं मात्र पटापट आली. काल रात्री. आज सकाळी. आत्ता कॉलेजला येताना.

यात कुणाला नावं ठेवायचं कारण नाही. सिनेमा पाहायला डोळे लागतात आणि डोळे दिवसभर कशाला ना कशाला जुंपलेले असतात. कान मोकळे असतात. लोकलच्या गर्दीत, मेसच्या रांगेत, कपडे वाळत घालताना, जर्नल पूर्ण करताना कानात कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ मध्ये एका ब्रिटिश पत्रकाराने आपल्या लेखात सहज सुचवून टाकला होता. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांचं लग्न लावून केलेला शब्द. पुढे आयपॉड गेला, शब्द राहिला. आता तर दोन खुर्च्या, दोन माइक आणि मागे एक निऑन दिवा असला की यूट्यूबवरच्या कुठल्याही गप्पांना आपण पॉडकास्ट म्हणतो. आणि त्यातल्या बऱ्याच गप्पा फिरून फिरून सिनेमापाशीच येतात.

का येतात, त्याचं एक साधं कारण आहे. टीव्हीवरची मुलाखत जाहिरातींच्या मधल्या फटीत बसवलेली असायची. पाहुणा पाठ केलेली पाच वाक्यं म्हणायचा, टाळ्या वाजायच्या, संपलं. पॉडकास्टला घड्याळ नसतं. दोन तास बोलायचं म्हटलं की पाठ केलेली उत्तरं पहिल्या अर्ध्या तासात संपतात. खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं. (म्हणून माझी एक सवय सांगते. नवा एपिसोड मी पस्तिसाव्या मिनिटापासून ऐकायला सुरू करते. आवडला तरच मागे जाते.)

फुकटची शाळा

सिनेमा शिकायचा तर पुण्याच्या एफटीआयआयचं नाव पहिलं येतं. १९६० पासून, प्रभात स्टुडिओच्या जुन्या जागेत. पण तिथल्या जागा मोजक्या, आणि खासगी फिल्म स्कूलच्या फीचा आकडा घरी सांगायची सोय नाही. मग लातूरला, गोंदियाला किंवा चिपळूणला बसून ज्याला पटकथा लिहायची आहे, त्याने काय करायचं? पंधरा-वीस वर्षांपूर्वी याचं उत्तर अवघड होतं. आज ते कानात घालायच्या दोन बोंडांमध्ये आहे.

‘स्क्रिप्टनोट्स’ हे त्यातलं सगळ्यात भरवशाचं नाव. जॉन ऑगस्ट आणि क्रेग मेझिन हे हॉलीवूडमधले दोन पटकथाकार २०११ पासून दर आठवड्याला पटकथेवर बोलतायत. ऑगस्ट म्हणजे ‘बिग फिश’ लिहिणारा आणि मेझिन म्हणजे ‘चेर्नोबिल’ लिहिणारा. यांच्याकडे ‘थ्री पेज चॅलेंज’ नावाचा एक प्रकार आहे. ऐकणाऱ्यांनी आपल्या पटकथेची फक्त पहिली तीन पानं पाठवायची, आणि हे दोघं ती ओळ न् ओळ उघडून बघणार. इथे संवाद आधी का आला, हे पात्र खोलीत येतं तेव्हा खोली कशी आहे ते का नाही सांगितलं, या दृश्यात नक्की कुणाला काय हवंय. कुणाची टर उडवणं नाही की उगाच पाठ थोपटणं नाही. आपल्याकडे एकांकिकेच्या तालमीत एखादा जाणता सीनियर जसं बोलतो ना, अगदी तसं.

२०१९ च्या एका भागात मेझिन एकटाच बोलतो. विषय आहे, सिनेमा लिहायचा कसा. स्ट्रक्चर, स्ट्रक्चर म्हणून जे आपण घोकतो ते मुळात नंतर दिसणारं लक्षण आहे, असं त्याचं म्हणणं. आधी लागतो एक वाद, एक दावा, आणि त्या दाव्याच्या नेमकं उलट जगणारं पात्र. उदाहरण घेतो ‘फाइंडिंग निमो’चं. लेकराला जपायचं म्हणून घट्ट धरून ठेवणारा बाप आणि त्याला सोडून द्यायला शिकवणारी गोष्ट. हे ऐकल्यावर मी आमच्या एकांकिकेची संहिता पुन्हा उघडली. बाकी काही नाही, फक्त नायकाचा आधी काय समज आहे ते एका ओळीत लिहायचा प्रयत्न केला. पाऊण तास गेला.

‘चेर्नोबिल’ मालिका आली तेव्हा तिच्या पाच भागांसोबत पाच पॉडकास्टही आले होते. त्यात मेझिन स्वतःच सांगतो की मालिकेत खरं काय आणि आपण बदललं काय. एमिली वॉटसनने केलेली शास्त्रज्ञ बाई प्रत्यक्षात नव्हती, अनेक शास्त्रज्ञांची मिळून ती एक केली. शेवटच्या खटल्यात लेगासोव्ह उभा राहून सगळं समजावतो, तो खऱ्या खटल्याला हजरच नव्हता. आपल्याकडे दर दुसऱ्या ऐतिहासिक सिनेमावरून वाद होतो. असा एखादा लेखक स्वतःहून माइकसमोर बसला आणि ‘हे मी बदललं, आणि या कारणासाठी बदललं’ म्हणाला, तर निम्मे वाद तिथेच मिटतील असं मला वाटतं. उरलेले निम्मे तरी जरा बऱ्या पातळीवर होतील.

माझा सगळ्यात लाडका मात्र ‘टीम डीकिन्स’. रॉजर डीकिन्स हा सिनेमॅटोग्राफर, दोन ऑस्कर घरात, ‘ब्लेड रनर २०४९’साठी आणि एकाच सलग शॉटमध्ये घेतल्यासारख्या दिसणाऱ्या ‘१९१७’साठी. तो आणि त्याची बायको व सहकारी जेम्स, दोघांनी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गप्पा मारायला सुरुवात केली. पाहुण्यांमध्ये मोठे दिग्दर्शक आहेतच, पण लोकेशन शोधणारे, दिवे लावणाऱ्यांचे प्रमुख, कंटिन्युइटी सांभाळणारे, कपडेपट बघणारेही आहेत. आवाज कुणाचाही चढत नाही, मधे म्युझिक नाही, ‘आज आपण उघडणार आहोत एक धक्कादायक गुपित’ वगैरे काही नाही. खिडकीतून येणारा उजेड खरा वाटावा म्हणून खिडकीबाहेर काय केलं, यावर माणसं दहा-दहा मिनिटं बोलतात. माझ्या रूममेटला हे ऐकून झोप लागते. मला तेव्हाच जाग येते.

इंग्रजी उच्चार डोक्यावरून जातात, ही अडचण खरी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या दोन मैत्रिणींनी याच कारणाने हे सगळं ऐकणं सोडलं होतं. त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. ‘स्क्रिप्टनोट्स’चे जुने एपिसोड ऐकायला पैसे पडतात, पण त्यातलं बोलणं शब्दशः उतरवून जॉन ऑगस्टच्या साइटवर फुकट ठेवलेलं असतं. आधी वाचायचं, मग ऐकायचं. आता त्या दोघींना मेझिनचे विनोदही कळतात, आणि त्यातले बरेचसे काही खास नसतात हेही कळतं.

मराठीतही चित्र पूर्वीसारखं रिकामं नाही. सौमित्र पोटे यांच्या ‘मित्रम्हणे’वर नट, लेखक, दिग्दर्शक येऊन निवांत बोलतात. ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’ अशी नावं हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये रोजची झाली आहेत. मराठीत, घाई न करता, स्वतःच्या गावच्या लहेजात एखादा कलाकार तासभर बोलतो हे ऐकायला फार छान वाटतं. फक्त सिनेमा आला की त्याच टीमचे लोक पंधरा दिवसांत सगळीकडे दिसतात आणि सेटवर झालेल्या गमतीचा तोच किस्सा चार ठिकाणी चार वेळा सांगतात. चौथ्यांदा होस्ट तितक्याच जोरात हसतो. त्या हसण्याचं मला खरंच कौतुक वाटतं.

माइकला डोळे नाहीत

आता मुद्द्याचं.

या सेमिस्टरला आमच्या वर्गाला चित्रपट परीक्षणाची असाइनमेंट होती. सिनेमा कुठलाही घ्या. बऱ्याच जणांनी ‘सैराट’ घेतला, कारण तो सगळ्यांना पाठ आहे. मी सात-आठ जणांचे पेपर वाचले. रिंकू राजगुरूची निवड कशी झाली, गाण्यांचं रेकॉर्डिंग अमेरिकेत कसं झालं, नागराज मंजुळेंचा प्रवास कसा होता, कमाई किती झाली, सगळं होतं. माहिती चांगली होती आणि बरीचशी बरोबरही होती. पण ती सगळी ऐकलेली होती. सिनेमा न पाहता तो पेपर लिहिता आला असता.

पटलं नाही तर शेवटची दोन मिनिटं आठवा. बाळ घरात येतं, बघतं आणि वळून रडत बाहेर चालू लागतं. फरशीवर त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात. आणि आवाज नाही. रडणारं तोंड दिसतं, रडणं ऐकू येत नाही. जवळजवळ तीन तास ज्या सिनेमाने आपल्याला अजय-अतुलच्या गाण्यांवर अक्षरशः नाचवलं, थिएटरात शिट्ट्या मारायला लावल्या, तो शेवटी आवाजच काढून घेतो. पार्श्वसंगीत नाही, किंकाळी नाही, रस्त्यावरचा हॉर्न नाही. थिएटरमध्ये अशा वेळी ऐकू येतं ते आपल्या शेजारच्याचं हुंदका आवरणं. म्हणजे सिनेमाने आवाज काढला आणि आपला आवाज आपल्यालाच ऐकवला.

या गोष्टीवर पॉडकास्टमध्ये किती बोलता येईल? ‘शेवट सुन्न करतो’, एवढंच. कारण बोलण्यात जे सहज येतं तेच पॉडकास्टमध्ये येतं. संघर्ष येतो, किस्से येतात, प्रेरणा येते, पैसा येतो, भांडण येतं. शॉट येत नाही. कॅमेरा कुठे ठेवला होता, तो का हलला नाही, बाळाची मान किती वळली, ठसे आधी दिसले की बाळ, हे सांगायचं तर समोरच्याला ते दिसायला हवं. माइकसमोर ते दिसत नाही. व्हिडिओ पॉडकास्ट असला तरी त्यात दिसतात त्या दोन खुर्च्याच. मग दोन तास सिनेमावर बोलून सिनेमा मात्र खोलीबाहेरच उभा राहतो.

सिनेमावर लिहिणाऱ्याचं काम नेमकं इथे सुरू होतं असं मला वाटतं. जे बोलण्यातून निसटलं ते पाहायचं आणि शब्दांत धरायचं. हे कंटाळवाणं काम आहे. एक दृश्य सहा-सात वेळा लावायचं, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. पॉडकास्ट ऐकणं त्यापेक्षा कितीतरी सोपं आणि मजेचं. आणि ऐकल्यावर आपल्याला त्या सिनेमाबद्दल सगळं माहीत आहे असंही वाटायला लागतं, तिथेच गोची होते.

एका आठवड्याच्या गप्पा

मग बोलणं आणि लिहिणं एकमेकांच्या मुळावर उठलेलंच असतं का? अजिबात नाही. सिनेमाविषयीच्या बहुधा सगळ्यात प्रसिद्ध पुस्तकाची सुरुवात एका लांबलचक मुलाखतीनेच झाली. १९६२ चा ऑगस्ट. फ्रान्स्वा त्रुफो हा तीस वर्षांचा फ्रेंच दिग्दर्शक हॉलीवूडला गेला आणि युनिव्हर्सल स्टुडिओत आल्फ्रेड हिचकॉकसमोर टेपरेकॉर्डर लावून आठवडाभर बसला. हिचकॉक तेव्हा नुकताच ६३ वर्षांचा झाला होता. लोक त्याला भीतीचे खेळ करणारा करमणूकदार समजत. हा मोठा कलावंत आहे हे जगाला पटवून द्यायचं, या हट्टाने त्रुफो आला होता. तो आधी स्वतः समीक्षक होता. हिचकॉकचे सिनेमे त्याने पुन्हा पुन्हा पाहिलेले, शेकडो प्रश्न तयार केलेले.

आणि गंमत ऐका. त्रुफोला इंग्रजी धड येत नव्हतं आणि हिचकॉक बोलणार इंग्रजीत. मधे हेलन स्कॉट नावाची दुभाषी बाई बसलेली. प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर तिच्यामार्फत. म्हणजे सिनेमावरच्या सर्वांत गाजलेल्या गप्पांमधल्या दोघांना एकमेकांची भाषा नीट येत नव्हती. इंग्रजी कच्चं म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हे टेबलासमोर चिकटवून ठेवावं.

तरी ते जमलं, कारण प्रश्न शॉटबद्दल होते. ‘सस्पिशन’ या १९४१ च्या सिनेमात कॅरी ग्रँट रात्री दुधाचा ग्लास घेऊन जिना चढतो. नवरा आपल्याला विष देणार अशी बायकोला शंका आहे. अंधाऱ्या जिन्यात तो पांढरा ग्लास विचित्र उजळलेला दिसतो. कसा? दुधातच दिवा ठेवला होता, असं हिचकॉकने त्रुफोला सांगितलं. प्रेक्षकाची नजर माणसाकडे न जाता ग्लासकडेच जायला हवी, म्हणून. टेबलाखालच्या बॉम्बचं ते सुप्रसिद्ध उदाहरणही याच गप्पांमधलं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगितलं आणि वर माणसं साध्या गप्पा मारत बसली, तर तोच प्रेक्षक कितीतरी वेळ खुर्चीच्या टोकावर बसतो.

पण त्रुफो टेप घेऊन परतला आणि लगेच छापायला दिलं, असं झालं नाही. पुस्तक यायला १९६६ उजाडलं. मधली वर्षं बोलणं उतरवणं, लावणं, तपासणं आणि त्याच्या शेजारी सिनेमातल्या चौकटी मांडणं यात गेली. पान उघडलं की एकीकडे बोलणं आणि समोर तो शॉट. बोलण्यातून निसटलेला सिनेमा त्याने असा परत खोलीत आणला. मणिरत्नम यांच्याशी भारद्वाज रंगन यांनी केलेल्या संवादाचं २०१२ चं पुस्तक किंवा नसरीन मुन्नी कबीर यांची जावेद अख्तर, वहिदा रहमान, गुलजार यांच्याशी झालेल्या संवादांची पुस्तकं, ही सगळी मला याच वाटेवरची वाटतात. लायब्ररीत मिळाली तर घ्याच.

आपल्याकडचा माइक

मराठी माणसाला हे नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर त्यांना कृष्ण दिसू लागला, राम दिसू लागला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त ती पाहिलीही. पण त्यांच्या मनात त्या अंधारात काय चाललं होतं, हे आपल्याला कळलं कसं? त्यांनी स्वतः लिहिलं म्हणून. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्यानंतर चार-पाच वर्षांत, १९१७-१८ मध्ये, फाळक्यांनी ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. म्हणजे आपल्याकडे सिनेमा आला आणि सिनेमावरचं लिखाण जवळजवळ त्याच्या पाठोपाठ आलं, तेही तो बनवणाऱ्याच्या हातून आणि मराठीत.

आणि मराठीतला माझ्या मते सगळ्यात भारी पॉडकास्ट माइक, ॲप यातलं काहीही नसताना झालेला आहे. त्याचं नावही तसंच आहे, ‘सांगत्ये ऐका’. मूळ हे अनंत माने यांच्या १९५९ च्या तमाशापटाचं नाव. त्यातल्या हंसा वाडकर यांनी आपलं आयुष्य सांगितलं आणि पत्रकार अरुण साधू यांनी ते ऐकून शब्दांत उतरवलं. हे तेच साधू, ज्यांच्या कादंबऱ्यांवरून पुढे ‘सिंहासन’ आला. बाईंचं सांगणं आधी ‘माणूस’मध्ये छापून आलं आणि १९७० मध्ये पुस्तक झालं. लहानपणीच घरासाठी कमावणं, लग्न, दारू, सिनेमातले पुरुष आणि पैसे, काहीही झाकलेलं नाही. १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ केला आणि स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका बाईचं बोलणं, एका माणसाचं ऐकणं, आणि त्यातून एक पुस्तक आणि एक सिनेमा.

साधूंच्या त्या कामाबद्दल मला इंटर्न झाल्यावर विशेष आदर वाटायला लागला. पेपरात नव्याने आलेल्या पोरांच्या वाट्याला येणारं काम म्हणजे मुलाखती उतरवून काढणं. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला मला चार-साडेचार तास लागतात. ते करताना कळतं की छान वाटलेल्या बोलण्यात ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ आणि ‘ते एक वेगळंच असतं’ किती असतं. माणूस वाक्य सुरू करतो आणि सोडून देतो. एक गोष्ट तीनदा सांगतो. आणि मधेच कुठेतरी, स्वतःच्याही नकळत, एक असं वाक्य बोलून जातो की हेडफोन काढून ठेवावासा वाटतो. ते वाक्य शोधायचं, पण त्याच्या आसपासचा श्वास आणि लहेजाही घालवायचा नाही. हंसाबाईंचं पुस्तक वाचताना त्यांचा आवाज ऐकू येतो, याचं अर्धं श्रेय ऐकणाऱ्याला द्यायला हवं.

ज्यांना शॉटवर लिहिणं म्हणजे काय ते बघायचं आहे त्यांनी अरुण खोपकरांचं ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ उघडावं. खोपकर स्वतः एफटीआयआयमध्ये शिकलेले दिग्दर्शक. ‘प्यासा’, ‘कागज़ के फूल’ आणि ‘साहिब बीबी और ग़ुलाम’ हे तीन सिनेमे ते प्रकाश, सावली, क्लोजअप आणि गाण्याचं चित्रीकरण यांतून वाचतात. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक आधी मराठीत आलं. शांता गोखले यांच्या अनुवादातून ते इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचायला २०१२ उजाडलं. तोवर ते फक्त आपलं होतं, आणि आपल्यातल्या किती जणांनी वाचलं होतं ते विचारू नका.

एक प्रश्न मला आमच्या सरांनी विचारला आणि तो माझ्या पोटापाण्याचा आहे. पेपरांत सिनेमाच्या परीक्षणाला जागा उरली किती? तीनशे शब्द आणि साडेतीन स्टार. त्यात कथा सांगायची, सगळ्या नटांची नावं घ्यायची, संगीत ‘श्रवणीय’ म्हणायचं. शॉटवर लिहायला जागा कुठे आहे? खरं आहे. म्हणूनच आमच्या वयाच्या ज्यांना सिनेमावर काही म्हणायचं असतं ते माइक विकत घेतात. पण बरा माइक, दिवे, एडिटिंग यांचा खर्च निघेपर्यंत सहा महिन्यांत उत्साह संपतो. शिवाय पाहुणा मोठा हवा, नाहीतर व्ह्यूज नाहीत. आणि पाहुणा मोठा असला की त्याला अडचणीचं काही विचारता येत नाही. पहिल्या सिनेमाचे पैसे वेळेवर मिळाले का, करारात काय लिहिलं होतं, नाव कुणाचं गेलं आणि काम कुणी केलं होतं. ‘स्क्रिप्टनोट्स’मध्ये दोघं करार आणि मानधन यावर एपिसोडच्या एपिसोड घालवतात. मुंबईत पटकथाकारांची स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, तिथे आपली पटकथा नोंदवता येते, एवढी साधी माहितीसुद्धा मला एकाही मराठी गप्पांमध्ये ऐकायला मिळाली नाही.

वही मात्र अजूनही वीस-तीस रुपयांत मिळते. आम्ही पाच जणांनी एक खेळ सुरू केलाय. दर शुक्रवारी एक सिनेमा, त्यातलं एकच दृश्य, आणि त्यावर प्रत्येकाने एक पान. अट एवढीच की सिनेमाबाहेरून कळलेलं काही लिहायचं नाही. पॉडकास्टमधलं नाही, इन्स्टावरचं नाही. फक्त जे दिसलं आणि ऐकू आलं ते. ‘फँड्री’तलं डुकरामागे धावणारं कुटुंब राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी थबकतं, त्या दृश्यावर पहिला शुक्रवार गेला. पाच पानं निघाली आणि एकही दुसऱ्यासारखं नव्हतं. एकाने डुकरावर लिहिलं, जे थांबत नाही. एकीने आवाज नक्की कुठून येतो यावर लिहिलं. पानं वाचून झाल्यावर मग सगळ्यांनी पॉडकास्ट ऐकायचे, हवे तेवढे. तेव्हा ऐकण्याची मजाही वेगळी येते, कारण आता आपल्याकडे विचारायला प्रश्न असतात.

अशाच एका शुक्रवारी विषय निघाला की आपल्याकडच्या गप्पांमध्ये कॅमेऱ्यासमोरचे सगळे आले, मागचे कुठे आहेत? मेकअपदादा, स्पॉटदादा, लाइटवाले, फोकस पुलर, गावोगाव तंबू घेऊन फिरणारे टूरिंग टॉकीजवाले. आमच्या भागातलं एक जुनं सिंगल स्क्रीन थिएटर बंद पडलंय. तिथे तीस वर्षं प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर काका दोन गल्ल्या पलीकडे राहतात. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकायचा, मग दुसरा, आणि तेवढ्यात दुसरं मशीन सुरू करायचं. त्यामुळे सिनेमा कितीही रंगात आला तरी रिळाच्या शेवटी त्यांची नजर त्या कोपऱ्यावर. पडद्याकडे असं पाहणारा माणूस मी आधी भेटले नव्हते.

त्यांनी रविवारी सकाळी दहाला बोलावलंय. माइक एका मैत्रिणीच्या भावाचा, रेकॉर्डर माझा मोबाइल. पंखा बंद करावा लागेल का, असं त्यांनी दोनदा विचारलंय. प्रश्नांची यादी अजून वाढतेय, पण पहिला ठरलाय. ठिपका हुकला आणि पडदा पांढरा झाला, की खालून पब्लिक काय काय ओरडायचं?